'अभिजात' आणि 'ध्रुपदी'

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व बंगाली या भाषांना, अन्य तिघींसह, 'क्लासिकल' ठरविले. मराठीत त्यास 'अभिजात' म्हटले गेले, कोलकात्यात 'ध्रुपदी'. बंगाली वाचकास 'अभिजात' म्हणताच खानदानी घराणे आठवते. व्युत्पत्तीने त्याचेच खरे, कारण अभिजात म्हणजे कुलीन.

इंग्रजीत 'क्लासिक' हे मुख्यतः कृतीच्या गुणाचे विशेषण, तर 'क्लासिकल' परंपरेचे व प्राचीनत्वाचे. 'पथेर पांचाली' (१९२९) किंवा 'बनगरवाडी' (१९५५) क्लासिक होय, क्लासिकल नव्हे, 'गाथासप्तशती' दोन्ही. आपण मात्र दोहोंसाठी एकच शब्द राबवितो. (संगीतापुरता 'शास्त्रीय' आहे, हे सुदैव.) परिणामी मुख्यतः प्राचीनत्वाच्या कसोटीवर लाभलेला दर्जा गुणवत्तेचे प्रशस्तिपत्रक समजला जातो, आणि कालपरवाचे सुमार पुस्तकही त्या छत्राखाली उभे राहू पाहते.

माझ्या मते 'अभिजात' क्लासिकसाठी राखावा व क्लासिकलसाठी शेजारणीकडून 'ध्रुपदी' उसना घ्यावा. मराठी कानास 'ध्रुपद' म्हणजे कवितेचे पालुपद वाटेल, हा आक्षेप खरा. पण आजच्या गैरसमजापेक्षा तो सोसण्याजोगा आहे.