ठेका आपला, हुकूमही आपला

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर मानवंदना देऊन समता सैनिक दलाचे जुने वादक दादरला एकत्र बसले की थट्टेला ऊत येतो. बिगुलवाले ड्रमवाल्यांना म्हणतात, "तुम्हाला सूर कशाला? मनगट पुरे!" ड्रमवाले उत्तरतात, "तुमचा सूर चुकला तर कान दुखतो. आमचा ठेका चुकला तर सारी रांग अडखळते."

ही थट्टा गोड आहे. परंतु "आमच्या मुलाला ड्रम नको, बिगुल द्या," असे पालक म्हणतात, तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो. त्या नकारामागे जुनी जखम आहे. गावगाड्यात दवंडी पिटणे हे आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेले वतनी काम होते. त्या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. सोडायची होती ती चाकरी, ताल नव्हे. दवंडीचा हुकूम दुसऱ्याचा होता, संचलनाचा ठेका आपला आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : शाळेच्या पथकात ड्रमचा मान मुलामुलींना सारखाच मिळावा, आणि तो शिकवायला परळ-नायगावच्या या थट्टेखोर ज्येष्ठांनाच बोलवावे. ठेक्याबरोबर इतिहासही त्यांच्याच मुखातून मुलांना मिळेल.