डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला काय?



आमच्या शाखेचा एक ट्रॅकमन रक्ताच्या कर्करोगावर स्टेम सेल ट्रान्सप्लांट करून मुंबईहून साडेचार महिन्यांनी घरी आला. आम्ही पंधरा-वीस जण हार-पेढे घेऊन त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्याच्या पत्नीने दारातच हात जोडले. "भाऊ, रागावू नका, पण कुणी आत येऊ नका. फुलेही नकोत." तीस वर्षे युनियनचे काम करतो आहे, दारातून परत फिरण्याची वेळ माझ्यावर साहेबांनीही कधी आणली नव्हती. राग आला, खोटे कशाला सांगू! मग तिने डॉक्टरांच्या सूचनांचा कागद खिडकीतून हाती दिला आणि माझी मान खाली गेली.

अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा गर. तो जबर औषधांनी मारून टाकतात आणि दात्याच्या पेशी शिरेतून चढवतात. आमच्या साथीला त्या सख्ख्या भावाने दिल्या; भावंडाशी जुळण्याचा संभव चारात एक. दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते आणि लोकांना वाटते, सुटला. खरी कसोटी तिथून पुढे. भावाच्या पेशी या शरीराला परके समजून कातडी, आतडी, यकृत यांवर उलटू शकतात, म्हणून त्यांना दाबणाऱ्या गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढण्याची ताकदही दबते. पहिले शंभर दिवस फार जोखमीचे, ते त्याने रुग्णालयाजवळ भाड्याच्या खोलीत काढले. पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त जपावे लागते. लहानपणीच्या लसी तान्ह्या मुलासारख्या पुन्हा टोचाव्या लागतात. पाणी उकळलेले, अन्न ताजे, तोंडावर मास्क, जिना चढला की धाप. धूळ, माती, ओल्या भिंतीची बुरशी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

आणि आमच्या कॉलनीतले क्वार्टर? पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी, दुरुस्तीचा अर्ज दोन पावसाळे फायलीत. अखेर त्याला बहिणीकडे ठेवून आमच्या पोरांनी वर्गणीतून भिंती नीट केल्या.

आता रजेचा हिशोब ऐका. अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवस. पूर्ण पगारावर घेतली तर दुप्पट कापली जाते. साठलेली सगळी रजा केमोच्या फेऱ्यांतच संपली. घरी येऊन पडला तेव्हा खाते शून्य आणि पुढचे दिवस बिनपगारी. त्यातच 'फिट'चा शिक्का मारून गँगवर धाडण्याची घाई. गँगवर म्हणजे खडी उपसणे, धूळ, माती, डोक्यावर ऊन. कागदावर जे जे वर्ज्य, तेच त्याची ड्यूटी!

प्रशासन म्हणते, कायमचा अनफिट असेल तर डीकॅटेगराइज करू. साहेब, तो कायमचा अनफिट नाही, म्हणूनच तर भांडतो आहोत! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 सेवेत असताना अपंगत्व आलेल्याची नोकरी आणि पगार राखते. पण त्या कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत, कर्करोगातून उठणारा माणूस नाही. रजेच्या खात्यात तो आजारी नाही, कायद्यात अपंग नाही आणि रुळावर धडधाकट नाही. देशातले पहिले यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली झाले. चाळीस वर्षे उलटली, तरी हा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा हे कार्यालयाला कळलेले नाही.

आपल्यातल्याही काहींना सांगायचे आहे. "चेहरा तर चांगला भरलाय, युनियनच्या जोरावर बसून खातोय," हे मी आपल्याच बैठकीत ऐकले. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, त्याला तुम्ही तब्येत म्हणता?

ठेक्यावरच्या सफाई कामगाराला तर हे भांडायलाही जागा नाही. तो दोन महिने आला नाही की झाडू दुसऱ्याच्या हाती. फेडरेशनने मागणी मांडताना त्याला वगळता कामा नये.

मागणी अशी. उपचार करणारा तज्ज्ञ लिहून देईल तेवढा काळ, रजेच्या खात्याला हात न लावता, पगारी धरावा. त्यानंतर धूळ आणि गर्दी नसलेले काम मूळ पगारावर मिळावे, साहेबाच्या मेहेरबानीने नव्हे, हक्काने.

आमच्या शाखेने हा विषय पुढच्या पीएनएमसाठी दिला आहे. इतर शाखांनी आपल्याकडील अशा सभासदांचा रजेचा हिशोब, नावे न लिहिता, महिनाअखेरपर्यंत पाठवावा.