डोंगरावरची रात्र कोणाच्या मर्जीची?

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाकडे आपल्याकडील डोंगरभटक्यांचे लक्ष गेले असेल. राज्यकर्त्यांचेही जावयास हवे होते. नैर्ऋत्य इंग्लंडमधील डार्टमूरच्या विस्तीर्ण माळावर पायी वा घोड्यावरून जाऊन मोकळ्या हवेचा आनंद लुटण्याचा हक्क १९८५ च्या कायद्याने जनतेला दिला आहे. तेथील सुमारे चार हजार एकरांच्या जमीनदाराचे म्हणणे असे की, फिरणे म्हणजे मुक्काम करणे नव्हे. तंबू ठोकावयाचा तर आमची परवानगी घ्या! जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे मान्य केले, जुलैत अपील न्यायालयाने ते फिरविले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जनतेच्या पदरात माप टाकले. एका जागी लागोपाठ दोन रात्रींहून अधिक राहावयाचे नाही, हा तेथील नियम मात्र कायमच आहे.

हा कायदा जसाच्या तसा सह्याद्रीवर आणून बसवा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे अभयारण्यात शिरण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य. प्रश्न आहे तो त्याबाहेरच्या डोंगरांचा. जून २०२४ मध्ये लोणावळ्यास भुशी धरणानजीकच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. असे काही घडले की मनाईहुकूम निघतात, आणि त्यांत धबधब्याखाली धिंगाणा घालणारे टोळके व पाठीवर पडशी टाकून मुकाट चालणारा विद्यार्थी एकाच मापाने मोजले जातात. कायदा पाळणारा घरी बसतो. न पाळणारा चोरवाटेने जातोच. टोळभैरवाला पकडावयाचे तर पोलिसाला डोंगर चढावा लागतो, मनाईहुकूम मात्र कचेरीत बसून काढता येतो!

याचा अर्थ भटक्यांना मोकाट सोडावे असा नाही. तटाच्या दगडांवर चूल मांडून ते काळे करणाऱ्यास, कड्यावर बाटल्या फोडणाऱ्यास जबर दंड झालाच पाहिजे. पावसाळा सरला की डोंगरउतारावरचे गवत वाळून कोळ होते. रात्रीच्या शेकोटीतील एक ठिणगी त्यात पडली तर वणवा लागून साऱ्या गावाची वर्षाची वैरण जळते. शहरातला पाहुणा सकाळी गाडीत बसून परत जातो. दावणीची गुरे मागे उपाशी राहतात. म्हणूनच मुक्कामाचे नियम ठरविताना ग्रामसभेचा शब्द वजनाचा असला पाहिजे, आणि मुक्कामाचे चार पैसेही त्याच गावात राहिले पाहिजेत.

हक्क आणि शिस्त एकाच कायद्यात नांदू शकतात, याचे दाखले थोडे नाहीत. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने तंबू वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर असावा असे ठरवून दिले, आणि वर्दळीच्या प्रदेशात दोन रात्रींची मर्यादा घातली. स्कॉटलंडने २००३ मध्ये मुक्कामाचा हक्क दिला तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवरच. पुढे लॉक लोमंड सरोवराच्या परिसरात गर्दी आणि घाण अनावर झाली, तेव्हा २०१७ पासून तेवढ्याच काठांवर, मार्च ते सप्टेंबर या महिन्यांपुरती, परवान्याची अट लागली. उरलेल्या देशाचा हक्क अबाधित राहिला. दुखणे जेथे आहे तेथेच औषध लावण्याची ही रीत आपल्या महसूल आणि वन खात्यांना अवघड का वाटावी?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. आता देशोदेशींची माणसे येथे येणार, आणि आपली तरुण पिढीही तेथे अधिक संख्येने जाणार. संरक्षित वास्तूंत सूर्यास्तानंतर कोणी राहू नये, हे आम्हांस मान्य आहे. मग त्यांपैकी निदान डोंगरी किल्ल्यांच्या पायथ्याशी मुक्कामाची जागा, पिण्याचे पाणी आणि शौचकूप यांची आखणी सरकारने पायथ्याच्या गावकऱ्यांना आणि गिर्यारोहकांच्या संस्थांना बरोबर घेऊन येत्या पावसाळ्यापूर्वी करावी. मनाईचे फलक त्यानंतर, आणि जेथे खरोखर धोका आहे तेथेच, रोवावेत.