पाण्यांतला अळीव

धाराशिव येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत मौजेचा वाद उपस्थित झाला. कांहीं वर्षें इंग्लंडांत राहून आलेल्या नातसुनेला तेथील वॉटरक्रेस नांवाच्या पालेभाजीची गोडी लागलेली. तिनें बीं मागविलें, आणि परसांत लहानसें तळें खणून त्यांत तें पेरावें, असा बेत घरांत मांडला. आजेसासूबाईंनीं सुपारी कातरतां कातरतां एवढेंच विचारलें, “अग, ज्या गांवीं हंडाभर पाण्यासाठीं आम्हीं रात्री जागून काढल्या, तेथें पाल्यासाठीं तळें?” नातसून हिरमुसली, आजीबाईंनाही वाईट वाटलें, आणि निवाडा आमच्याकडे आला. दोघींच्याही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळें तो येथें सविस्तर देत आहों.

नांव परकें असलें तरी ही भाजी परक्या कुळांतली नव्हे. मोहरी, मुळा आणि बाळंतिणीच्या लाडवांतला अळीव यांच्याच कुळांत तिचा जन्म. तिला पाण्यांतला अळीव म्हटल्यास वावगें होणार नाहीं. देंठ पोकळ असल्यामुळें ती पाण्यावर तरंगते, आणि पेरापेराला मुळें फुटतात. पान चावलें कीं मुळ्याच्या कोंवळ्या पाल्यासारखा तिखटपणा जिभेवर येतो. क जीवनसत्त्वाचा पुरवठाही तिच्यापासून चांगला होतो. विल्यम ब्रॅडबेरी नांवाच्या गृहस्थानें १८०८ सालीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत बाजारासाठीं हिची लागवड आरंभिली, ती तळ्यांत नव्हे; झऱ्याच्या उथळ, थंड व वाहत्या पाण्यांत. तेव्हां सांचलेलें तळें हें हिचें माहेर नव्हेच.

आतां धाराशिवची गोष्ट पाहूं. बालाघाटच्या रांगांवरील हा मुलूख पावसाच्या बाबतींत बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींच्या अजून स्मरणांत आहे. २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें तरुणांनींही पाहिलें आहे. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. अशा हवेंत उघड्या तळ्यांतलें पाणी आटतें, उरतें तें तापतें, आणि वॉटरक्रेस फुलावर येऊन कडवट होते. शिवाय सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंग्यूचे डांस अंडीं घालतात, तें निराळेंच. तळ्याच्या बाबतींत आजीबाईंचा पक्ष निर्विवाद खरा.

परंतु भाजीच्या बाबतींत नातसूनही हरलेली नाहीं. कार्तिकापासून माघापर्यंत येथील रात्री थंड असतात, आणि तेवढा अवधि या भाजीला पुरतो. विहिरीचें जें पाणी जड म्हणून डाळ शिजवावयास आपणांस नकोसें वाटतें, तें हिला मानवतें. चुन्याचा अंश असलेलें पाणी हिच्या आवडीचें आहे. तळ्याऐवजीं एक पसरट कुंडी व तिच्याखालीं एक जुनी परात एवढें साहित्य पुरे. नुसती काळी माती चिकट होते. म्हणून तींत निम्में पालापाचोळ्याचें कुजलेलें खत व थोडी वाळू मिसळावी. बीं अतिशय बारीक असतें, तें मातींत पुरूं नये. वर भुरभुरून हातानें हलकेंच दाबावें. आठ ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. परातींत सदैव चार बोटें पाणी ठेवावें, कुंडीला सकाळचें ऊन व दुपारची सांवली द्यावी. साधारण दीड महिन्यानें वरचे शेंडे खुडावेत. खालून पुन्हां फूट येते.

परातींतलें पाणी एक दिवसाआड बदलावें, म्हणजे तें ताजें राहतें व डांसांची वाढ होत नाहीं. परातींत चार लिटर पाणी मावलें, तर महिन्याला साठ लिटर लागेल. पण काढलेलें पाणी तुळशीला व कढीलिंबाला घालावयाचें असल्यामुळें त्यांतलें मोरीला कांहींच जात नाहीं.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. न्हाणीचें सांडपाणी या कुंडीला घालण्याचा मोह कोणीही धरूं नये. ओढ्याकांठचा, गुरें जेथें पाणी पितात तेथला पालाही कच्चा खाऊं नये. गुरांच्या यकृतांत एक चपटा कृमि असतो. त्याचीं अंडीं शेणावाटे पाण्यांत जातात, गोगलगाईच्या पोटांत त्याची वाढ होते, आणि पुढें तो पाणवनस्पतींच्या पानांना चिकटून बसतो. असा पाला कच्चा खाल्ल्यास तो माणसाच्याही यकृतांत शिरतो. नुसत्या धुण्यानें त्याची खात्री देतां येत नाहीं; शिजविल्यानें मात्र तो मरतो. आपल्या जुन्या घरांत न्हाणीच्या पाटावर अळू लावीत, आणि अळू कोणी कच्चें खात नसे, चिंच घालून चांगलें शिजवीत. या रीतींतला शहाणपणा आज ध्यानांत येतो. ज्या पाण्याचा घोट आपण निःशंकपणें घेऊं, त्यांतलाच पाला कच्चा खावा; इतर पाण्यांतला शिजवून घ्यावा, एवढा नियम घरांतल्या मुलांनाही पाठ असावा. या कुंडींत शेणखत घालूं नये, व गोगलगाय दिसल्यास ती काढून टाकावी, हें ओघानेंच आलें.

कोंवळे शेंडे बारीक चिरून दहीं, दाण्याचें कूट व हिंगाची फोडणी घातली कीं कोशिंबीर उत्तम होते. थालीपिठांतही ते शोभतात. घरांत कोणी वडीलधारें रक्त पातळ राहण्याचें औषध घेत असल्यास, त्यांना ही भाजी वरचेवर वाढण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें; कारण तिच्यांत के जीवनसत्त्व पुष्कळ असतें.

बीं न मिळाल्यास, अथवा चार लिटर पाणीही जड वाटल्यास, डब्यांतले अळीव आहेतच. ताटलींत ओलें फडकें अंथरून त्यावर चमचाभर पसरावेत व फडकें ओलें ठेवावें. आठवड्याभरांत त्याच तिखट चवीचे कोंवळे कोंब कातरावयास मिळतात.

आमचा निवाडा त्या घरीं मान्य झाला. तळ्याचा बेत राहिला, न्हाणीमागच्या दोन कुंड्यांना मात्र जागा मिळाली. पौषांत निरोप आला कीं, पहिल्या कोशिंबिरीचा घांस घेऊन आजीबाई म्हणाल्या, “हा तर आपला मुळाच कीं ग!” दुसऱ्या दिवसापासून परातींतलें पाणी बदलण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें आहे.