घरमालकांचा वर्णद्वेष

नागालँडहून पुण्यात अर्थशास्त्र शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या अनुभवांचे टिपण मला वाचावयास दिले. त्यात आक्रोश नाही, हिशेब आहे. खोलीसाठी किती दारांवरून परतावे लागले, मराठी मैत्रिणीपेक्षा अनामत किती अधिक भरावी लागली, ‘तू कुठल्या देशाची?’ असे दिवसातून किती जणांनी विचारले. पूर्वग्रहाचेही भाडे वसूल होते, हे आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मला तिने शिकविले.

१९६४ साली अमेरिकेतील जॅक्सन शहरात डॉ. लोहियांना वर्णामुळे उपाहारगृहाबाहेर अडविले, पोलिसांनी ताब्यात घेतले. ती कथा आपण अभिमानाने सांगतो. तोच नकार आपल्या गल्लीतील घरमालकाने दिला की तो ‘सोसायटीचा नियम’ ठरतो! म्हणे त्यांच्या स्वयंपाकाला वास येतो. आपल्या सुक्या बोंबलाला काय अत्तराचा येतो?

२०१४ साली दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानिया या अरुणाचली विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली. मारहाणीनंतर तो दगावला. मग नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमानाविरुद्ध स्वतंत्र कलमे सुचविली. २०२४ मध्ये नवी न्यायसंहिता लागू झाली, तरी ती कलमे आलीच नाहीत.

सरकारला दोष अवश्य द्यावा. परंतु माझी वरची खोली भाड्याने देताना मीही आजवर आधी आडनाव विचारीत आलो. आपल्या कार्यकर्त्यांत घरमालक थोडे नाहीत. प्रत्येक शाखेने त्यांच्या रिकाम्या खोल्यांची यादी करून या मुलांपर्यंत पोहोचवावी. पहिली नोंद माझ्या खोलीची घ्यावी.