मालवण की पुरी?

वर्धेच्या माणसाला समुद्र दोन्हीकडून लांबच. मुलताईला उगम पावलेली तापी पश्चिमेला सुरतेकडे निघते. त्याच मुलखात जन्मलेली आमची वर्धा नदी मात्र वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला जाऊन टेकते. आमचं पाणी असं पूर्वेला जातं आणि आमची राजधानी पश्चिमेच्या समुद्रावर! त्यामुळे सुट्टीत ‘समुद्र पाहून येऊ’ म्हटलं की घरात दोन तट पडतात. आईला पुरी हवी, कारण ते चार धामांपैकी एक. पोरांना मालवण हवं, कारण तिथे पाण्याखाली जाता येतं. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे पुरुष मंडळींपैकी काहींचा कौलही मालवणलाच पडतो. तिथून गोवा किती जवळ, हे त्यांना तोंडपाठ असतं.

दोन्हीकडे जायचं तर जवळपास एक दिवस गाडीतच जातो. पुरीची गाडी नागपूर, रायपूर करत जाते. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी. एवढ्या प्रवासाने माणूस हावरा होतो. ‘इतक्या लांब जाऊनच राह्यलो, तर गोवा काऊन सोडाचा?’ असं कुणीतरी म्हणतंच. पुरीच्या बेतात मग कोणार्क, चिलिका, भुवनेश्वर घुसतात. समुद्र राहतो गाडीच्या खिडकीतून दिसण्यापुरता. म्हणून माझं म्हणणं, गाव एकच निवडा आणि तिथेच मुक्काम ठोका.

पुरीचा समुद्र पोहण्याचा नाही. लाटा उंच येतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात. म्हणून तिथे नुलिया असतात, शंकूसारख्या टोप्या घातलेले तेलुगू कोळी. पाहुण्याचा हात धरून ते त्याला लाटेत बुडवून परत आणतात. खरी मजा काठावरच्या गावात. पहाटे समुद्रातून सूर्य वर येतो. संध्याकाळी स्वर्गद्वाराशी बंगाली कुटुंबांची जत्रा भरते आणि तळलेल्या मासळीचा वास सुटतो. देवळाच्या आनंदबाजारात मातीच्या मडक्यांतला महाप्रसाद मिळतो. त्यात कांदा-लसूण नाही, आणि शेजारी कोण बसलंय हे न बघता खायची रीत आहे. आईसारख्या माणसाला यापलीकडे काही लागत नाही.

मालवणचं उलट. तिथे समुद्राच्या आतच जायचं असतं. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झालं, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातल्या माणसाने त्या विहिरींत जरूर डोकावावं. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढतात, तीही पाहावी. जाळ्याच्या दोन टोकांच्या दोरांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि एक एक पाऊल मागे सरकत राहतात. बराच वेळ नुसता ओला दोरच वाळूवर येत राहतो. मग जाळ्याचा पोटाचा भाग काठाशी येतो आणि बांगडे, तारली एकदम तडफडायला लागतात. बघता बघता आपलेही हात दोराला लागतात, कुणी नको म्हणत नाही.

तरी भांडण मिटवायला कॅलेंडरच उपयोगी पडतं. वर्धेत पारा पंचेचाळीसला टेकला की आपण समुद्राकडे पळतो. तिथे पारा बराच खाली असतो, पण हवा ओली. आपला कूलर चालतो तो इथल्या कोरड्या हवेच्या जोरावर, ताट्यांतलं पाणी उडून जाताना गारवा देतं. समुद्रकाठी हवेतच इतकं पाणी, की अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणजे मे बाद. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून जून मोकळा दिसतो. पण पावसाळ्यासाठी सिंधुदुर्गाच्या होड्या तोवर बंद झालेल्या असतात. पुरीत ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर जगन्नाथ आजारी पडतो, आणि पंधरवडाभर त्याचं दर्शनच होत नाही. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ निघतो तेव्हाची गर्दी कशी असेल, हे पंढरपूरची एकादशी पाहिलेल्याला सांगायला नको.

राहिली दिवाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे ओडिशाच्या किनाऱ्याला चक्रीवादळांचे महिने. १९९९ चं महाचक्रीवादळ आणि २०१३ चं फायलिन, दोन्ही ऑक्टोबरातली. मे महिनाही सुटलेला नाही. ३ मे २०१९ ला फनी पुरीजवळच धडकलं. मालवणात मात्र दिवाळीनंतर पाऊस सरलेला असतो आणि पाणी निवळू लागलेलं असतं.

म्हणून आमच्याकडे असं ठरतंय: दिवाळीत पोरांसोबत मालवण, गोवा वगळून. संक्रांतीनंतर आईसोबत पुरी. तेव्हा पोरांची शाळा असते, म्हणून ती आजोळी राहतील. तसंही नुलियाचा हात धरून लाटेत बसण्यात त्यांना काय रस! ज्याचा समुद्र त्याला मिळावा, सगळ्यांना एकाच किनाऱ्यावर ओढत नेऊ नये. दोन सहलींचा खर्च परवडत नसेल, तर एक यंदा आणि दुसरी पुढल्या वर्षी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. घरातलं भांडण त्याआधी मिटवा, वेटिंग लिस्ट कुणासाठी थांबत नाही.