माजघरातली ट्यूबलाइट

अमरावतीत परकोटाच्या आत, बुधवाऱ्यात नाहीतर भाजीबाजारात, भरदुपारी माजघरात ट्यूबलाइट लावावी लागते अशी घरं कमी नाहीत. पेंढाऱ्यांच्या धास्तीनं निजामाच्या काळात हा परकोट उभा राहिला. आतलं गाव पसरणार कुठं? घरं अरुंद आणि खोल झाली, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्याला लागल्या. अशा घराचं काम काढलं की पहिला सल्ला मिळतो, पुढची खिडकी मोठी करा. त्यानं माजघराला काही मिळत नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंतच कामापुरता उजेड पोचतो. सात फुटांवर कड असेल तर पंधरा-सतरा फूट, पुढं अंधार.

म्हणजे उजेड वरूनच घ्यायला हवा. जुन्या घरांना चौक होता, धाब्याला साणं होतं. जागा वाया जाते म्हणून स्लॅब टाकताना आपणच ते बुजवलं. पण आता चौक उघडून त्यावर फायबरचा पत्रा टाकणं म्हणजे घरात भट्टी पेटवणं. अमरावती जवळपास 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो. पारा पंचेचाळिशीकडे असताना ऊन सरळ त्या पत्र्यावर. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य 45 अंशांवर उतरलेला असतो. म्हणून स्लॅबच्या वर तीन फूट पेटी उचलावी, दक्षिणेला उभी काच आणि वर फूटभर छज्जा द्यावा. उन्हाळ्यातलं ऊन छज्जा अडवतो, थंडीतलं आत येतं. दक्षिणेला शेजाऱ्याचा मजला चढला असेल तर काच उत्तरेला घ्यावी. पश्चिमेला नकोच.

अंधार म्हणजे गारवा, हा वऱ्हाडातला आक्षेप हलक्यानं घेण्यासारखा नाही. पण तो गारवा जाड मातीच्या भिंतींचा आणि धाब्यावरच्या मातीच्या थराचा होता. पाच इंची स्लॅबखाली अंधार तेवढा उरला. पेटीला वर जाळीची झडप ठेवली, तर दिवसभर तापलेली हवा रात्री तिथून निघून जाते. वानरांसाठी गज हवेतच. गळतीचं म्हणाल, तर उभ्या काचेवर पाणी थांबत नाही. खरी अडचण सामायिक भिंतीची. शेजाऱ्याची तुळई पुष्कळदा आपल्याच भिंतीत टेकलेली असते. तेव्हा तोडफोडीआधी गिलावा खरवडून ती शोधावी, आणि पेटी त्या भिंतीपासून हातभर आतच घ्यावी.